थँक्सगिव्हिंग साजरा करा, पण १६२१ची गोष्ट आता सोडा

रानजाई (धागाकर्ती)

नोव्हेंबर लागला की थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभार मानायच्या सणाच्या निमित्ताने अमेरिकेतल्या कितीतरी शाळांमधून पहिली-दुसरीतली मुलं डोक्याला कागदी पिसांचा पट्टा बांधून घरी येतात. अर्धा वर्ग ‘इंडियन’, अर्धा वर्ग काळ्या टोपीवाला ‘पिलग्रिम’. गोष्ट सगळ्यांना पाठ असते. धर्माच्या जाचाला कंटाळून मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून आलेली भली माणसं, म्हणजे पिलग्रिम, कडाक्याचा हिवाळा, मदतीला धावून आलेले स्थानिक, त्यांनी शिकवलेली मक्याची पेरणी आणि मग १६२१च्या शरदात दोघांनी मिळून केलेली मेजवानी. आपली मराठी मुलंही हीच गोष्ट घेऊन येतात आणि आपण कौतुकाने फोटो काढून आजी-आजोबांना पाठवतो.

माझं म्हणणं असं की सण ठेवावा आणि गोष्ट टाकून द्यावी. निदान महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांत आणि रविवारच्या मराठी शाळांत तरी ती पुन्हा सांगू नये.

त्या जेवणाबद्दल हजर असलेल्या माणसाने त्याच वेळी लिहिलेला मजकूर म्हणजे एडवर्ड विन्स्लोच्या पत्रातला जेमतेम एक परिच्छेद. पीक घरात आल्यावर गव्हर्नरने चौघांना पाखरं मारायला धाडलं, त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील एवढी आणली. मग बंदुकांच्या कवायती झाल्या. तिथल्या स्थानिक वाम्पानोआग जमातीचा प्रमुख मॅसॅसॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस राहिला, त्याच्या लोकांनी पाच हरणं मारून आणली. एवढंच. कुणी कुणाला आमंत्रण दिल्याचा उल्लेख नाही. देवाच्या आभाराचा खास दिवस पाळल्याचाही नाही. त्या लोकांच्या दृष्टीने आभाराचा दिवस म्हणजे प्रार्थनेचा दिवस. तसा दिवस त्यांनी पाळला तो १६२३मध्ये, दुष्काळानंतर पाऊस पडला तेव्हा. १६२१च्या पानात बटाटा नव्हता, क्रॅनबेरी शिजवून गोड करायला साखर नव्हती. मेफ्लॉवरवरच्या १०२ जणांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते आणि वाचलेल्यांत मोठ्या बायका होत्या चार. त्या चौघींनी आणि हाताखालच्या पोरींनी दीडशेच्या आसपास माणसांचं तीन दिवस कसं निभावलं असेल, याचा विचार शाळेच्या नाटुकल्यात कधी येत नाही.

मग हे जेवण सणाचं मूळ कधी झालं? दोनशे वीस वर्षांनी. १८४१मध्ये बॉस्टनच्या अलेक्झांडर यंग या पाद्र्याने ते पत्र पुन्हा छापलं आणि खाली टीप जोडली की हाच पहिला थँक्सगिव्हिंग.

सण देशभराचा केला तो सारा जोसेफा हेलने. न्यू हॅम्पशायरची ही बाई पाच मुलं पदरात असताना विधवा झाली, लेखणीवर घर चालवलं, पुढे ‘गोडीज लेडीज बुक’ या त्या काळच्या फार खपाच्या मासिकाची संपादक झाली. न्यू इंग्लंडमध्ये घरोघरी पाळला जाणारा हा दिवस सगळ्या देशाने एकाच गुरुवारी पाळावा, म्हणून १८४६पासून ती अग्रलेख लिहीत होती, गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवत होती. २८ सप्टेंबर १८६३ला तिने लिंकनला लिहिलं आणि ३ ऑक्टोबरला घोषणापत्र निघालं. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईला तीनच महिने झाले होते. मसुदा परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्डचा. त्यात पिलग्रिम नाहीत, मेफ्लॉवर नाही. यादवीत विधवा झालेल्या, पोरके झालेल्या, शोकात बुडालेल्या लोकांना देवाच्या हवाली करा, असं त्यात लोकांना सांगितलं आहे.

हा खरा सण. याची तारीख खरी, कागद खरा, यामागची बाई खरी. पिलग्रिमांची गोष्ट शाळांमध्ये घट्ट बसली ती त्यानंतर, इटली, पोलंड, रशियातून माणसांचे लोंढे येऊ लागले तेव्हा. त्या मुलांना पटकन ‘अमेरिकन’ करून घ्यायला सोपी गोष्ट हवी होती. आपल्या मुलांना तिची गरज नाही. त्यांना सारा हेलची गोष्ट सांगू या.

नाना_एडिसन

रानजाई, लिहिलंय छान, पण मी तुमच्याशी सहमत नाही. का, ते सांगतो.

मी विद्यार्थी म्हणून आलो तो काळ एस.टी.डी. बूथचाही नव्हता. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात वसतिगृह रिकामं होतं, मेस बंद होते, गावातली दुकानं बंद होतात, आणि बाहेर गोठवणारी थंडी. परदेशी मुलांची नावं चर्चमध्ये आणि विभागाच्या कार्यालयात लिहून घ्यायचे आणि कुठलं तरी कुटुंब येऊन जेवायला घेऊन जायचं. मला नेणाऱ्या आजीबाईंनी, मी मांस खात नाही हे आधी विचारून घेतलं होतं. माझ्यासाठी टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात केलेलं स्टफिंग, रताळी आणि शेंगांचं ते कॅसरोल, वरून तळलेला कांदा घातलेलं. त्या कांद्याच्या वासाने मला घर आठवलं. जेवायच्या आधी टेबलाभोवती एकेकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मला बोलता येईना.

आता मुद्दा. मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही ओळख ना पाळख अशा मुलाला का बोलावता? त्या म्हणाल्या, आमचे लोक इथे उपाशी आले तेव्हा कुणीतरी त्यांना जेवू घातलं होतं. तुमच्या लेखी ती गोष्ट खोटी असेल, पण त्या गोष्टीवर विश्वास ठेवून त्या बाईने वर्षानुवर्षं परक्या पोरांना दार उघडलं. सारा हेलच्या अग्रलेखांनी ते दार उघडलं असतं का? माणसं दस्तऐवजावर जगत नाहीत. मुलांना १६२१ची गोष्ट सांगा आणि तिच्यातला पाहुणचार घ्यायला शिकवा.

भिंगरी

धागाकर्तीशी सहमत, आणि थोडी भर.

‘खरी तारीख’ म्हणावी तर तीही दुकानदारांसाठी हलवली गेली आहे. १९३९मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता. मंदीचे दिवस, ख्रिसमसच्या खरेदीला वेळ कमी पडणार म्हणून मोठ्या दुकानदारांनी रूझवेल्टकडे धाव घेतली आणि त्यांनी सण एक आठवडा अलीकडे आणला. देश दुभंगला. निम्म्याच्या आसपास राज्यांनी नवी तारीख पाळली, बाकीच्यांनी जुनी, आणि टेक्साससारख्या काहींनी दोन्ही गुरुवारी सुट्टी दिली. कॉलेजांचे फुटबॉलचे सामने आधीच ठरलेले होते, त्यांचे हाल झाले. शेवटी १९४१मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला.

मेसीजची न्यूयॉर्कमधली मिरवणूक (१९२४पासून) दुकानाचीच. नानांनी सांगितलेलं शेंगांचं कॅसरोलही १९५५मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी तयार केलं, मशरूम सूपचे डबे खपावेत म्हणून. मला त्यात काही गैर वाटत नाही, चवीला चांगलं लागतं. पण ‘पूर्वापार परंपरा’ म्हणून जे मांडलं जातं त्यातलं किती अलीकडचं आहे ते पाहा.

अवकाळी

मी धागाकर्तीच्या आणि नानांच्या, दोघांच्याही विरुद्ध आहे. रानजाई, तुम्ही गोष्ट टाकून द्या म्हणता तेव्हा त्या गोष्टीबरोबर वाम्पानोआग माणसंही टाकता. वर्षातून एकदाच त्यांचं नाव शाळेत निघतं, तेवढंही तुम्ही पुसायला निघालात. आणि नाना, तुमच्या आजीबाईंबद्दल मला आदर आहे, पण ज्यांनी जेवू घातलं त्यांचं पुढे काय झालं हे त्या टेबलावर कुणी सांगितलं का?

ते मीच थोडक्यात सांगतो. मक्याची लागवड शिकवणाऱ्या टिस्क्वांटमला १६१४मध्ये थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनला विकायला नेलं होतं. तिथून सुटून, इंग्लंडमार्गे, तो १६१९मध्ये परतला तर त्याचं पॅटक्सेट गाव ओस पडलेलं. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने माणूस शिल्लक ठेवला नव्हता. पिलग्रिमांनी प्लिमथ वसवलं ते याच गावाच्या मोकळ्या शेतांवर. टिस्क्वांटम इंग्रजी का बोलत होता, हे एका मुलाने वर्गात विचारलं तर अख्खी गोष्ट उलगडते. मॅसॅसॉइटने दोस्ती केली तीही भोळेपणाने नव्हे. साथीने त्याचे लोक निम्म्याहून कमी झाले होते आणि पश्चिमेची नॅरागान्सेट जमात शाबूत होती. त्याला बंदुकवाला मित्र हवा होता. हा राजकारणी माणूस होता, आपण त्याला वाढप्याची भूमिका दिली आहे.

त्याच्याच मुलाने, मेटाकॉमने, १६७५मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो मारला गेला. त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर टांगलं, ते वीसेक वर्षं तिथेच होतं. त्याच्या लहान मुलाला गुलाम म्हणून विकलं. ज्या गावात बापाने हरणं आणून दिली, त्याच गावात.

आता तुमचं १८६३. लिंकनने ते घोषणापत्र काढलं त्याच्या नऊच महिने आधी, २६ डिसेंबर १८६२ला, मिनेसोटात मॅनकेटो गावी उठावाच्या आरोपावरून डकोटा या स्थानिक जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फासावर चढवलं. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवशी दिलेल्या या सर्वांत जास्त फाशी. यादीवर सही लिंकनची. उठाव का झाला होता? कराराचे पैसे वेळेवर आले नाहीत, लोक उपाशी होते आणि धान्याची कोठारं कुलूपबंद होती. १८६३मध्ये काँग्रेसने कायदा करून डकोटांना मिनेसोटातूनच हाकललं. ज्या वर्षी ‘सुपीक शेतांबद्दल’ देवाचे आभार मानले गेले त्याच वर्षी. ही तुमची स्वच्छ तारीख?

प्लिमथला कोल्स हिलवर मॅसॅसॉइटचा मोठा पुतळा आहे, १९२१मध्ये बसवलेला. १९७०मध्ये मेफ्लॉवरच्या साडेतीनशे वर्षांच्या सोहळ्यात वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग नेत्याला भाषणाला बोलावलं, आधी लेखी मसुदा मागून घेतला आणि तो वाचल्यावर दुसरंच भाषण हातात दिलं. त्यांनी ते वाचायला नकार दिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला ते आणि इतर स्थानिक लोक त्या पुतळ्याजवळ जमले आणि त्यांनी तो दिवस राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळला. तेव्हापासून दरवर्षी पाळतात. तुम्ही गोष्ट सोडलीत तर हे लोक कुणाबद्दल शोक करताहेत हे मुलांना कळणार कसं?

ओवी_टोरांटो

कॅनडात हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, १९५७पासून तशी तारीख ठरली आहे. पिलग्रिम नाहीत, पिसांचे मुकुट नाहीत, मिरवणुकीतले फुगे फारसे नाहीत. सुगी संपलेली असते, मेपलची झाडं लाल झालेली असतात, जेवण होतं, झालं. १५७८मध्ये मार्टिन फ्रोबिशरच्या जहाजांनी उत्तरेला आभाराची प्रार्थना केली होती ती ‘पहिली’ असं काही जण सांगतात, पण त्या गोष्टीवर आमचा सण उभा नाही.

म्हणून रानजाईंना पाठिंबा. गोष्टीवाचून सण छान चालतो, शेजारीच चालतोय. फक्त कुणी असं समजू नये की गोष्ट नाही म्हणून इथे हिशेब चुकता झाला. स्थानिकांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांचा इतिहास आमच्याकडेही आहे, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा वेगळा दिवस २०२१पासून पाळला जातो. दोन दिवस वेगळे असल्यामुळे दोन्ही नीट पाळता येतात, असा माझा अनुभव आहे.

तळेगावकर

भारतातून वाचतोय. एक साधा प्रश्न. या सगळ्यात मराठी माणसाने पडायचंच कशाला? कोकणात आश्विन पौर्णिमेला नव्याची पुनव होते, नवं भात घरात येतं, दाराला लोंब्यांचं तोरण लागतं. आभारच मानायचे तर आपल्याकडे दिवस आहे. तो शिकागोत करा, ह्यूस्टनमध्ये करा. दुसऱ्याचा वाद अंगावर घ्यायची गरज नाही.

नाना_एडिसन

तळेगावकर, नव्याची पुनव आम्ही करतोच. पण ज्या देशात मुलं जन्माला आली, शाळेत गेली, मतदान करतात, तो वाद ‘दुसऱ्याचा’ कसा? आणि घर ज्या जमिनीवर घेतलं ती लेनापी लोकांची होती. अवकाळींचा मुद्दा मला तिथे बोचला, हे कबूल. तरीही माझं मत तेच. गोष्ट टाकू नका.

लायडेनवासी

नेदरलँड्समधून लिहितेय, कारण या गोष्टीचा सुरुवातीचा तुकडा माझ्या गावातला आहे आणि तो नेहमी गळतो.

पिलग्रिम थेट इंग्लंडहून पळून अमेरिकेला गेले असं मुलांना वाटतं. ते १६०९ ते १६२० इथे, लायडेनमध्ये राहिले. इथे त्यांच्या पूजा-प्रार्थनेला कुणी हात लावत नव्हतं. मग गेले का? कापडाच्या कामावर पोट भरत नव्हतं, मुलं लहान वयात कामाला जुंपावी लागत होती, ती डच होत चालली होती, आणि स्पेनबरोबरचा युद्धविराम संपत आला होता. मुलं आपली भाषा विसरतील या भीतीने घर उचललेले लोक होते ते. परदेशातल्या मराठी आईबापांना हे न सांगताही समजेल.

लायडेनचा स्वतःचा मोठा सण ३ ऑक्टोबरला असतो. १५७४मध्ये स्पॅनिश वेढ्यात शहर उपाशी मरत होतं; बांध फोडून शेतांत पाणी सोडलं, बोटी आत आल्या आणि वेढा उठला. आजही त्या सकाळी हेरिंग मासा आणि पांढरा पाव फुकट वाटतात. लोक पहाटेपासून रांगेत उभे असतात. सोललेली, मीठ लावलेली हेरिंग कागदात गुंडाळून हातात मिळते. दुपारी घरोघरी गाजर, कांदा, बटाटा एकत्र ठेचून केलेलं हुट्स्पॉट असतं. पिलग्रिमांनी हा सण अकरा वर्षं पाहिला, त्यावरून त्यांनी आपला उचलला असं इथे पुष्कळ जण सांगतात. त्याला पुरावा नाही आणि मी ते पुढे ढकलणार नाही. अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगला सकाळी इथल्या पीटर्सकर्क चर्चमध्ये आजही प्रार्थनासभा भरते, एवढं खरं.

माझं मत? गोष्ट सांगा, पण ती लायडेनपासून सुरू करा. मग पिलग्रिम संत राहत नाहीत, गरजेपोटी निघालेली माणसं होतात.

भिंगरी

लायडेनवासी, हे वाचून बरं वाटलं. सण परदेशी कसा गेला तेही बघण्यासारखं आहे. लायबेरियात अमेरिकेहून गेलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी तो नेला, १८८०च्या दशकात कायदा झाला, नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी पाळतात. चर्चमध्ये फळांच्या टोपल्या आणतात आणि त्यांचा लिलाव होतो. ऑस्ट्रेलियाच्या नॉरफोक बेटावर अमेरिकन व्हेलशिकारी जहाजांमुळे पोचला, तिथे नोव्हेंबरचा शेवटचा बुधवार. ग्रेनाडात १९८३मध्ये अमेरिकी फौजा उतरल्या, त्यानंतर २५ ऑक्टोबरला त्याच नावाने सुट्टी सुरू झाली.

तिन्ही ठिकाणी पिलग्रिमांवाचून काही अडलं नाही. पण ग्रेनाडाचं उदाहरण बघा: कुणी कुणाचे आभार मानायचे हे कोण ठरवतं, हा प्रश्न तिथे उघडाच आहे.

रानजाई (धागाकर्ती)

अवकाळी, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. मॅनकेटोबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दही मला खोडायचा नाही. फक्त एक बाजू राहिली: लष्करी आयोगाने ३०३ जणांना मृत्युदंड सुनावला होता. लिंकनने खटल्यांचे कागद मागवून पाहिले आणि बहुतेकांची फाशी रोखली, मिनेसोटातला लोकमताचा रेटा झुगारून. त्याने ३८ जणांचा जीव गेल्याचं समर्थन होत नाही. तो गुन्हाच होता.

पण मी १८६३ला स्वच्छ म्हटलंच नव्हतं. खरी म्हटलं होतं. ते घोषणापत्र डकोटांबद्दल गप्प आहे, पण डकोटा आमचे मित्र होते आणि आनंदाने आमच्याबरोबर जेवले, असं ते सांगत नाही. १६२१ची शाळेतली गोष्ट नेमकं हेच सांगते. तिला वाम्पानोआग हवे आहेत ते फक्त आपल्या चांगुलपणाचा दाखला म्हणून. मेजवानी संपली की ते पडद्याआड जातात आणि मुलांना वाटतं की ते लोक आता नाहीतच. अशा गोष्टीत नाव असण्यापेक्षा नसलेलं बरं.

वाम्पानोआगांचा इतिहास शिकवायलाच हवा. टर्कीच्या ताटाशेजारी मांडलेला नको, स्वतंत्र. ओवी म्हणतात तसा वेगळ्या दिवशी. आणि नाना, तुमच्या आजीबाईंच्या जागी मी असते तर म्हटलं असतं: तू एकटा आहेस म्हणून बोलावलं. एवढं कारण पुरतं.

मास्तर_मिशिगन

मी इथे सरकारी शाळेत शिकवतो, म्हणून व्यवहारातलं सांगतो. ‘वेगळ्या दिवशी’ शिकवायचं ठरलं की तो धडा होत नाही. वेळापत्रकात जागा नसते, चाचण्या असतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र मुलांचे कान टवकारलेले असतात. ती खिडकी सोडणं मला परवडत नाही. २००८च्या कायद्यापासून थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार स्थानिकांच्या वारशाचा दिवस मानला जातो. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते आणि लोक मॉलमध्ये असतात.

मी पिसांचे पट्टे बंद केले. त्यांचा वाम्पानोआगांशी संबंधही नाही, तो पिसांचा मोठा मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचा; विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रांमधून तो प्लिमथला येऊन बसला. त्याऐवजी मी वर्तमानकाळातून सुरू करतो. मॅशपी वाम्पानोआग आज केप कॉडवर राहतात. अमेरिकेच्या सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली ती २००७मध्ये, आणि मार्च २०२०मध्ये, मेफ्लॉवरला बरोबर चारशे वर्षं होत असताना, केंद्राच्या इंटिरियर खात्याने त्यांची तीनशेहून अधिक एकर राखीव जमीन रद्द करण्याचा आदेश काढला. कोर्टात लढून त्यांनी ती वाचवली.

मग भाषेचं सांगतो. वाम्पानोआग भाषा शतकाहून अधिक काळ कुणी बोलत नव्हतं. जेसी लिटल डो बेअर्ड या मॅशपी बाईंनी १९९३मध्ये ती परत आणायचं काम हाती घेतलं, भाषाशास्त्र शिकल्या, आणि जुन्या दस्तऐवजांतून व्याकरण बांधलं. हाताशी काय होतं? १६६३मध्ये जॉन एलियटने धर्मांतरासाठी छापलेलं त्या भाषेतलं बायबल, आणि वाम्पानोआगांनी स्वतः लिहिलेली जमिनीची खतं, मृत्युपत्रं, अर्ज. त्यांची मुलगी लहानपणापासून ही भाषा बोलत वाढली. माझ्या वर्गातली मराठी, अरबी, स्पॅनिश बोलणारी मुलं या धड्याला जेवढी गप्प बसून ऐकतात तेवढी कशालाच नाही. यात जेवणाचा भाग येतो, पण शेवटी, पाच मिनिटं.

त्यामुळे रानजाई, मी तुमच्याशी असहमत. मधल्या पानांवर नीट इतिहास लिहिता येत असेल तर पुस्तक फेकायचं नसतं.

अवकाळी

मास्तर, हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही जास्त चांगलं म्हटलंत. त्यात एका कागदाची भर घाला, शिकवायला सोपा आहे आणि मोठ्या मुलांना फार आवडतो.

मार्च १६२१मध्ये मॅसॅसॉइट आणि गव्हर्नर कार्व्हर यांच्यात तह झाला. जेवणाच्या सहा-सात महिने आधी. कलमं मोजकी आहेत: एकमेकांना इजा करायची नाही, अन्यायाने कुणी युद्ध पुकारलं तर मदतीला यायचं, मॅसॅसॉइटच्या माणसाने इंग्रजाला इजा केली तर त्याला शिक्षेसाठी इंग्रजांकडे सोपवायचं. एक कलम शस्त्रांचं आहे. १६२२मध्ये लंडनला छापलेल्या मजकुरात ते असं आहे की वाम्पानोआग भेटीला येताना धनुष्यबाण मागे ठेवतील, आणि आम्ही त्यांच्याकडे जाताना बंदुका मागे ठेवू. पुढे गव्हर्नर ब्रॅडफर्डने वसाहतीचा इतिहास लिहिला त्यात हेच कलम आहे, पण धनुष्यबाणांपाशी संपतं. बंदुकांचा अर्धा भाग नाही.

दोन्ही ओळी मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा, काय गळलं?

मग अपराध्याच्या कलमावर या. जून १६७५मध्ये प्लिमथच्या कोर्टाने जॉन सॅसमनच्या खुनासाठी तीन वाम्पानोआगांना मृत्युदंड सुनावला. सॅसमन हा स्वतः स्थानिक होता, ख्रिस्ती झालेला. स्थानिकाच्या खुनाचा न्याय इंग्रजांच्या कोर्टात का व्हावा, हा मेटाकॉमच्या लोकांचा सवाल होता. त्याच महिन्यात युद्ध पेटलं.

रानजाई (धागाकर्ती)

हा तह मराठी शाळेत मी नक्की घेईन. यात शिकवण्यासारखं सगळं आहे आणि जेवणाची गरजच पडत नाही. म्हणून तर मार्चमध्ये घेईन, तह झाला त्या महिन्यात. मोठ्या गटाला दोन रविवार देता येतील. नोव्हेंबरच्या रविवारी सारा हेलचं पत्र आणि लिंकनचं घोषणापत्र.

अवकाळी

मार्चमध्ये मुलं तुम्हाला विचारतील, हा मॅसॅसॉइट म्हणजे तो जेवायला आलेलाच ना? ती गोष्ट त्यांनी शाळेत ऐकलेली असणारच. तेव्हा काय उत्तर द्याल ते इथे लिहा, मला खरंच वाचायचं आहे.